मागावरची लाल खूण

"आता आपल्या फोटोंना कुणी हात लावून दाखवावा," असं व्यंकटराव गुरुजींनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. ऐकायला त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई एकट्याच होत्या, आणि त्या लसूण सोलण्यात गुंतल्या होत्या. पण गुरुजींचा आवाज असा लागला होता, की औंढ्याच्या बसस्टँडवर एखादा चोर उभा असता तर तोही मुकाट्यानं घरी गेला असता!

गुरुजी औंढ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नाहीतर भावकीत भांडतात. गुरुजींनी जुन्या अवजारांचे फोटो जमवायला घेतले. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, चांभाराची रापी, धनगराची कातर. फेसबुकवर त्यांनी 'हातांची आठवण' नावाचं पान उघडलं होतं आणि त्यावर रोज एक फोटो टाकत होते. लांबलांबची माणसं खाली 'वा गुरुजी' असं लिहीत. तेवढ्यावर गुरुजींचा सबंध दिवस आनंदात जायचा.

फोटो कुठून आले असं विचारलं, तर ते 'जमवले' एवढंच सांगत. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, कुणाच्या पानावरून उतरवलेला, एखादा जुन्या कॅलेंडरवरचा. झाडाखाली पडलेली चिंच उचलावी, इतक्या निर्मळ मनानं ते फोटो उचलत. मग एक दिवस कुंभाराच्या चाकाचा 'त्यांचा' फोटो एका परक्या पानावर दिसला. खाली गुरुजींचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. गुरुजींना असा संताप आला, की तो फोटो आपणही एका कॅलेंडरवरूनच घेतला होता, हे ते साफ विसरले.

उपाय त्यांनी लगेच केला. प्रत्येक फोटोवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक जाड लाल पट्टा ओढला आणि त्यात लिहिलं, 'संग्रह : व्यंकटराव गुरुजी, औंढा'. भात्यावर लाल पट्टा, रापीवर लाल पट्टा, कातरीवर लाल पट्टा. सगळ्यात ठसठशीत पट्टा त्यांनी आपल्या लाडक्या फोटोवर ओढला. घोंगडी विणायचा माग होता तो. मागावर मान खाली घालून बसलेला एक म्हातारा, त्याच्या पुढ्यात ताणलेलं काळ्या लोकरीचं सूत, आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी वाकडं, अर्धवट आलेलं. त्या फोटोखाली गुरुजींनी कितीदा तरी विचारलं होतं, 'कोपऱ्यातलं अवजार कुणी ओळखेल का?' अजून कुणी ओळखलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारचा रत्नपाल आला. तो नुकताच वकिली करायला लागला होता. गुरुजींनी त्याला कौतुकानं लाल पट्टे दाखवले. त्यानं सगळे पाहिले आणि हळूच विचारलं, "गुरुजी, यातले तुम्ही काढलेले किती?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. एक होता, खुरप्याचा. त्यात खुरप्यापेक्षा गुरुजींचा अंगठाच जास्त आला होता.

मग रत्नपालनं कायदा सांगितला. जो बटण दाबतो, फोटो त्याचा. नुसता जमवला म्हणून तो आपला होत नाही, आणि वर आपलं नाव घातलं तर पंचाईत आणखी वाढते. गुरुजींनी मोबाइल बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं, "मग ज्याचं अवजार त्याचं काय? ज्यानं ते जन्मभर चालवलं, त्याचं?" कायदा त्याला विचारत नाही, असं रत्नपाल म्हणाला. हे काही गुरुजींना पटलं नाही, पण भीती मात्र पुरती बसली. जाता जाता रत्नपालनं बजावलं, की मी बघतो काय करायचं ते, तोवर फोटो कुठून आले याबद्दल कुणाजवळ एक अक्षर बोलू नका.

दुसऱ्या दिवशी नामाजी आले. सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावचे, मेंढरं राखणारे, बोलायला अगदी मऊ. पण ते उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. त्यांनी नातीच्या मोबाइलवर मागाचा फोटो पाहिला होता. मागावर बसलेला म्हातारा म्हणजे त्यांचा बाप होता.

"गुरुजी, सौदा कुनासंगं केला?" त्यांनी विचारलं.

कसला सौदा, हे गुरुजींना कळेना.

"लाल खूण घातली ना तुमी."

मेंढरांच्या बाजारात वावरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथं सौदा ठरला, की घेणारा मेंढराच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा ओढतो. मेंढरू मग दिवसभर जुन्या मालकाच्या कळपात उभं राहो, ते दुसऱ्याचं झालेलं असतं. आणि गुरुजींनी तर पट्ट्यात नावगावही घातलं होतं!

नामाजींचा संशय धाकट्या भावावर, प्रभूवर होता. बाप गेल्यावर दोघांची वाटणी झाली. जमीन वाटली, मेंढरं वाटली, पण माग कुणी सोडेना. तेव्हा पंचांनी मागाचीही वाटणी केली. लाकडं नामाजींना, सुताचा धागा न धागा वेगळा राखणारी फणी प्रभूला. आईनं, पंचफुलाबाईंनी, आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा उचलला आणि ओच्यात घातला. झाला न्याय! तेव्हापासून लाकडं एका घरात, फणी समोरच्या घरात, मधे एक बोळ, आणि त्या बोळातून भावाभावांचा एक शब्दही इकडचा तिकडे गेला नव्हता. घोंगडी तर कुणीच विणली नाही.

"माझ्या लाकडाचा सौदा त्यानं केला काहून?" नामाजी म्हणाले. "त्याला इचारीनच मी. पन आधी तुमी सांगा, मागाचा फोटो तुमाला कुनी दिला?"

नेमकं याच वेळी गुरुजींना रत्नपालचं बजावणं आठवलं. ते घसा खाकरून म्हणाले, "त्याबद्दल मला काही बोलता येत नाही."

नामाजी उंबऱ्यावरूनच मागं वळले आणि चालू लागले. चोरी कबूल केली असती, तरी गुरुजी एवढे चोर दिसले नसते.

त्यांनी घाईघाईनं मागाचा फोटो पानावरून काढून टाकला. भानगड मिटली, असं समजून ते शांत झोपले. सकाळी प्रभू मोटारसायकलवर आला. तो काही मऊ बोलणारा नव्हता.

"खूण बी गेली, माग बी गेला. म्हंजे माल उचलला तुमी," तो म्हणाला. त्याच्या मते सौदा नामाजींनी केला होता आणि त्यात आपली फणीही परस्पर धरली होती. गुरुजी म्हणाले, माल वगैरे काही नाही, तो नुसता फोटो होता. मग आता कुठं आहे? काढून टाकला. काहून काढला? गुरुजींनी पुन्हा घसा खाकरला.

तेव्हा प्रभू पायरीवर बसला आणि त्याचा आवाज उतरला. "मायनं कालपासून भाकर खाल्ली न्हाई, गुरुजी. धोटा मांडीवर घेऊन बसून राहिली. म्हन्ते, माग इकला, आता ह्यो बी घेऊन जा."

तो गेला. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "फोटो काढून टाकलात. त्या म्हातारीचं काय करणार आहात?"

गुरुजींना खरोखर वाईट वाटत होतं. अवजारांची आठवण ठेवतो म्हणून आपण इतके दिवस मिरवलं, आणि ते अवजार धरणाऱ्या माणसांची साधी चौकशीही कधी केली नाही. रत्नपालचा कायदा राहू दे बाजूला, पण एवढं तर आपल्याला शाळेतल्या पोरांनाही शिकवता आलं असतं, की दुसऱ्याचं घ्यायचं तर विचारून घ्यावं. हे सगळं ते सत्यशीलाबाईंना सांगायला लागले.

"ते मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "चपला घाला."

रत्नपालच्या गाडीतून तिघं गेले. पंचफुलाबाई नामाजींच्या ओसरीवर धोटा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नामाजी खांबाला टेकून उभे, आणि प्रभू बोळात, ओसरीला पाय न लावता. गुरुजींनी यावेळी घसा खाकरला नाही. माग कुणी विकला नाही, कुणी घेतला नाही. फोटो आपण दुसऱ्याचा उचलला आणि पट्टा आपल्या मोठेपणासाठी ओढला, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग पट्टा नसलेला मूळ फोटो मोबाइलवर काढून म्हातारीच्या हातात दिला.

पंचफुलाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याला बोट लावलं. त्या बोटानं फोटो एकदम मोठा झाला, तशा त्या दचकल्या. मग तसाच तो बघत राहिल्या.

"धाडतो म्हनला व्हता," त्या म्हणाल्या. "लई वाट पाहिली म्या."

जत्रेच्या वेळी हिंगोलीहून एक फोटोवाला आला होता, तो. फोटो पाठवतो म्हणून पत्ता लिहून घेऊन गेला, तो गेलाच. पुढं त्या फोटोचं काय झालं, किती हातांतून फिरत तो गुरुजींपर्यंत आला, कुणास ठाऊक. पण रत्नपालला वकिलाची शंका आली. त्या फोटोवाल्याचं नाव काय, फोटो त्यानंच काढला ना, असं त्यानं विचारलं.

"त्यानं कुठं काढला? त्याच्या मागं आमचा एडका लागला. त्यानं दोनी हातानं शिंग धरलं आन् मला म्हनला, मावशी, तेवढं बटन दाबा. म्या दाबलं."

गुरुजींनी मोबाइल घेऊन डावा कोपरा मोठा करून पाहिला. ज्याला ते इतके दिवस अज्ञात अवजार समजत होते, ते एडक्याचं शिंग होतं, आणि त्याला जिवाच्या आकांतानं धरलेली बोटंही दिसत होती.

"मग फोटो आजींचा," रत्नपाल म्हणाला. "ज्यानं बटण दाबलं त्याचा."

यावर नामाजी म्हणाले, त्यात लाकडं माझी आहेत. प्रभू बोळातून म्हणाला, फणी माझी आहे. रत्नपालनं दोघांनाही समजावलं, की फोटोच्या मालकीत लाकूडफणी येत नाही. असला कसला कायदा, असं दोघं एकदमच म्हणाले. वाटणीनंतर त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच!

गुरुजींनी हात जोडले. "माय, हा फोटो मी सगळ्यांना दाखवू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही दाखवणार."

म्हातारीनं त्यांच्याकडे वर पाहिलं. माग वाटताना पंचांनी तिला विचारलं नव्हतं, मुलांनीही विचारलं नव्हतं. ती पटकन बोलली नाही. विचारलं गेल्याचं सुख जरा पुरवून घेत असावी.

"दावा," ती म्हणाली. "पन तुमचं नाव नगं त्याच्यावर. आन् एक डाव मला माग आख्खा पाहू द्या. त्याचा बी फोटो मीच काढते."

आईनं मागितल्यावर पोरांना नाही म्हणता येईना. लाकडं शेळ्यांच्या कुडाला लावलेली होती, ती निघाली. फणी खंडोबाच्या तसबिरीमागून आली. विणणाऱ्यानं पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला उठवताना तिनं प्रभूच्या हाताला चोच मारली आणि नामाजी हसले. कोणतं लाकूड कुठं बसतं यावरून दोघं कचाकचा भांडले. पण भांडले ते एकमेकांशी बोलून. शेवटी पंचफुलाबाईंनी मांडीवरचा धोटा उचलला आणि फणीजवळ ठेवला.

कुठं दाबायचं, हे गुरुजींनी त्यांना दाखवलं आणि अडचण नको म्हणून बाजूला सरकले. म्हातारीनं मुलांना मागापुढं बसवलं. सरक, आणखी सरक, असं करत खांद्याला खांदा लावला, आणि बटण दाबलं.

गुरुजींनी उत्सुकतेनं फोटो पाहिला. दोघं भाऊ सबंध फोटो भरून बसले होते, आधार कार्डाला बसतात तसे. माग त्यांच्या मागं पार झाकला गेला होता. एक काडी म्हणून दिसत नव्हती.

"माय, माग आलाच नाही यात. पुन्हा काढायचा का?"

"नगं," म्हातारी म्हणाली. "माग हाय की हितंच. ही दोगं अशी परत कवा बसतेत, काय भरोसा?" मग तिनं सुनेला भाकर आणायला सांगितली.

गुरुजींनी पानावरचे सगळे पट्टे पुसले. जे फोटो कुणाचे ते ठाऊक नव्हतं, ते काढून टाकले आणि विचारपूस सुरू केली. मागाचे दोन्ही फोटो मात्र पानावर लावले. नव्या फोटोखाली लिहिलं, 'छायाचित्र आणि परवानगी : पंचफुलाबाई. अवजार : घोंगडीचा माग. दिसत नाही, पण आहे.'

थोड्याच वेळात खाली कुणीतरी लिहिलं, 'वा गुरुजी! डाव्या कोपऱ्यात ते वाकडं अवजार कोणतं आहे?'

गुरुजींनी कोपरा मोठा करून पाहिला. तो त्यांचा स्वतःचा कान होता. जरा विचार करून त्यांनी उत्तर लिहिलं, 'अज्ञात.'