अपेक्षित ग्राहक : एक

एखादी वस्तू उपयोगी आहे हे तिच्या उपयोगाने सिद्ध होत नाही. ते अर्जाने सिद्ध होते. उपयोगाचा काय भरवसा, तो आज आहे आणि उद्या नाही. अर्ज मात्र तीन प्रतींत असतो.

हे सत्य आमच्या नॉर्थ एल्डर गावाला (लोकसंख्या अकराशे चाळीस, चर्च चार, वाहतुकीचा दिवा एक आणि तोही नुसताच पिवळा लुकलुकणारा) वर्लिन डोम्ब्राउस्कीच्या दार उघडणाऱ्या यंत्रामुळे पटले. वर्लिन आमच्या कागद गिरणीत चाळीस वर्षे वेल्डर होता आणि मी त्याच गिरणीत मोजमापे तपासत असे. कागद तयार व्हावा म्हणून आम्ही आयुष्य वेचले. त्या कागदाचे पुढे काय करतात हे आम्हाला निवृत्तीनंतर समजले.

यंत्र साधे होते. आमची जुनी स्नेही आर्लिस टोलेफसन हिने एकतीस वर्षे गावची शाळेची बस चालवली. वर्षाला एकशे ऐंशी दिवस आणि दिवसाला शहात्तर थांबे धरले, तर तिने मुलांसाठी बसचे दार चार लाख चोवीस हजार ऐंशी वेळा उघडले. पुढे स्नायूंच्या आजाराने तिचे दोन्ही हात गेले आणि स्वतःच्या घराचे दार तिला एकदाही उघडता येईना. (आयुष्याची सरासरी काढल्यास तरीही तक्रारीला जागा नाही.) ती चाकांची खुर्ची हनुवटीने चालवते. वर्लिनने एप्रिल महिन्यात, तीन दिवसांत, गॅरेजच्या दाराच्या एका जुन्या मोटरीपासून हनुवटीच्या कळीवर चालणारे यंत्र तयार केले आणि चार बोल्टांनी तिच्या दाराला बसवले. कळ दाबली की दार उघडत असे. याहून अधिक ते काही करीत नसे, आणि तोच त्याचा दोष ठरला.

मे महिन्यात काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मूल्यमापन अधिकारी ग्रेटा व्हँडरपूल आल्या. नियम असा आहे की एकट्या राहणाऱ्या लाभार्थीला, घराला आग लागल्यास, कोणाच्याही मदतीवाचून बाहेर पडता आले पाहिजे. फेब्रुवारीअखेर ते जमले नाही, तर आर्लिसची रवानगी काउंटीच्या शुश्रूषागृहात होणार होती. (तेथील सर्व दारे स्वयंचलित आहेत. कळ परिचारिकेकडे असते.)

आर्लिसने त्यांच्यादेखत हनुवटीने कळ दाबली. दार उघडले. ती उतारावरून अंगणात गेली, टपालपेटीला वळसा घालून परत आली. बाईंनी नोंद केली : "लाभार्थी दार उघडू शकत नाही. दार उघडते, परंतु त्यास मान्यता नाही."

मेडिकेड, म्हणजे गरीब आणि दिव्यांग जनतेचा सरकारी आरोग्य विमा, फक्त नोंदणीकृत पुरवठादाराने दिलेलेच साधन जाणतो. वर्लिन नोंदणीकृत नव्हता; तो नुसताच हुशार होता. शिवाय साधन आधीच बसवलेले असेल तर त्याची गरज दाखवता येत नाही. म्हणून बाईंनी ते काढून ठेवण्याची सूचना केली.

"म्हणजे दार उघडतं हे पटवायला," आर्लिस म्हणाली, "आधी ते उघडत नाही असं पटवायचं?"

"अगदी बरोबर," ग्रेटाबाई म्हणाल्या. "तुम्हाला लवकर कळलं. काहींना वर्ष लागतं."

वर्लिनने चारही बोल्ट काढले आणि यंत्र आपल्या गॅरेजमध्ये टॉवेलखाली ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुरवठादार होण्यास प्रारंभ केला. यंत्रे त्याच्याकडे आणि कागद माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

पुरवठादार-नोंदणीची पद्धत अत्यंत विचारपूर्वक आखलेली आहे, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. प्रथम दहा आकडी क्रमांक घ्यावा लागतो. तो मिळाल्यावर दुसरा, आठ आकडी, क्रमांक मागता येतो, आणि त्या अर्जात पहिला क्रमांक कशासाठी घेतला ते लिहावे लागते. (आम्ही लिहिले : "दुसऱ्यासाठी." हे मान्य झाले.) मग आपण कोणत्या वर्गातले पुरवठादार ते ठरवायचे असते. वर्ग दोनशे बारा आहेत. त्यांत प्राणवायू आहे, कृत्रिम डोळे आहेत, मधुमेहींचे बूट आहेत, दार नाही. मदतवाहिनीवरील बाईंनी एक तास दहा मिनिटांच्या संगीतानंतर "इतर" हा वर्ग सुचवला. "इतर" वर्गाच्या अर्जदाराने आपले साधन उरलेल्या दोनशे अकरा वर्गांत का बसत नाही, याचे प्रत्येकी एक कारण जोडावे लागते. दार हे कृत्रिम डोळा का नव्हे, हे मी चार ओळींत मांडले. त्या ओळींचा मला आजही अभिमान आहे.

बोटांचे ठसे देण्यासाठी वर्लिन नव्वद मैलांवर गेला. चाळीस वर्षांच्या घासकामाने त्याच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. यंत्राने तीनदा पाहिले आणि अशी व्यक्ती अस्तित्वात नाही असे कळवले. अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीचा गुन्हेगारी इतिहास सापडला नाही, त्यामुळे ही पायरी निर्विघ्न पार पडली. त्यानंतर फसवणूक-प्रतिबंधाचे सक्तीचे प्रशिक्षण झाले. त्यात फसवणुकीचे सतरा प्रकार उदाहरणांसह शिकवतात. वर्लिनला तोवर त्यांतला एकही ठाऊक नव्हता. घरी येताना तो म्हणाला, "काय डोकी असतात रे लोकांची. आणि आपण चाळीस वर्षं नुसत्या बादल्यांना डाग देत बसलो."

एका रकान्यात मात्र आम्ही चुकलो. "अपेक्षित ग्राहक" या रकान्यात वर्लिनने लिहिले : "एक. आर्लिस." कार्यालयाकडून विचारणा आली की अकराशे चाळीस लोकांच्या गावात केवळ एक ग्राहक अपेक्षित असण्याचे कारण काय. वर्लिनने उत्तर दिले की बाकीच्यांना दार उघडता येते. हे उत्तर नोंदवण्यात आले आणि संशयास्पद मानण्यात आले.

नोव्हेंबरात केवळ जागेची तपासणी उरली. निरीक्षक पूर्वसूचनेविना येतो. फलकावर लिहिलेल्या वेळेत जागा उघडी आणि तेथे माणूस हजर, एवढेच तो पाहतो. वर्लिनच्या गॅरेजवर आम्ही फलक लावला, वेळ लिहिली : सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार. बंदचे दिवसही कळवले होते : नाताळ, नववर्षदिन, इत्यादी. हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस कळवावेत हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. नाताळ हा सण आहे. हरणांची शिकार हा ऋतू आहे. संध्याकाळी अंधार पडेल, असेही आम्ही अर्जात लिहिले नव्हते.

निरीक्षक श्री. रॅमिरो क्वेसाडा हे दूरच्या वाळवंटी राज्यातले. राज्याने तपासणीचे काम ज्या कंत्राटदाराला दिले, त्याचे हे नोकर. ते हरणांच्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता आले. गावात त्या वेळी मोटारी नव्हत्या, पुरुष नव्हते आणि बायकाही फारशा नव्हत्या. त्यांचेही नेम उत्तम असतात. गॅरेजच्या दारावर वर्लिनच्या हातची चिठ्ठी होती : "हरणांकडे गेलो आहे." श्री. क्वेसाडांनी अहवाल दिला की अर्जदाराने व्यवसायाचा त्याग करून प्राण्यांकडे प्रयाण केल्याचे दिसते. अर्ज फेटाळला गेला. नवा अर्ज नव्या पत्त्यावरूनच करता येईल, अशी पुस्तीही जोडलेली होती.

जानेवारीत आम्ही तिघे आर्लिसच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळत बसलो होतो. (तिचे पत्ते लाकडाच्या खाचेत उभे असतात; कोणता टाकायचा ते ती डोळ्यांनी सांगते आणि तरीही जिंकते.) तिची बहीण शुश्रूषागृहाच्या खोलीचे माप घेऊन आली होती. हे टेबल तिथे मावत नव्हते.

मी त्या दिवसांत पुरवठादारांची नियमपुस्तिका वाचत होतो. सहाशे चाळीस पाने आहेत. आमच्या तंत्रमहाविद्यालयात शिकवत की यंत्र उघडण्याआधी त्याची पुस्तिका शेवटपर्यंत वाचावी, आणि पाचशे अकराव्या पानावर मला ते सापडले. पुरवठादाराच्या व्यवसायाच्या जागेचे प्रमुख दार दिव्यांग व्यक्तीला कोणाच्याही मदतीवाचून उघडता आले पाहिजे. ही सवलत नव्हती, सक्ती होती. गरज दाखवायची नाही, डॉक्टरांचे पत्र नाही, मान्यता नाही. जागा म्हटली की दार उघडलेच पाहिजे.

मी पान वाचून दाखवले. वर्लिनने पत्ते खाली ठेवले.

"म्हणजे आर्लिसला बाहेर जायला दार उघडायचं तर परवानगी लागते," तो म्हणाला, "आणि सरकारी माणसाला आत यायला उघडलं नाही तर दंड?"

"असंच दिसतं."

"मग आपलं दुकान इथेच," आर्लिस म्हणाली. "आणि हे बघ, मी हरणांकडे जात नाही."

हा युक्तिवाद सर्व बाजूंनी भक्कम होता. फलकावरील वेळेत सदैव हजर राहणारा माणूस पुरवठादाराला हवा असतो. असा माणूस मिळणे दुरापास्त, कारण माणसाला दार उघडता येते आणि तो निघून जातो. आर्लिसला दार उघडता येत नव्हते. सबब ती या पदास संपूर्ण काउंटीत सर्वाधिक पात्र होती. आम्ही तिची मानद स्वागतप्रमुख म्हणून नेमणूक केली. (मानद, कारण पगार घेतला असता तर तिचा विमाच गेला असता.) तिच्या पत्त्यावरून नवा अर्ज गेला; गावच्या कार्यालयातून दुकानाचा परवाना वीस मिनिटांत मिळाला. तेथील कारकून बाई आर्लिसच्याच बसने शाळेत गेल्या होत्या. तिचे नाव ऐकताच त्या पाठ ताठ करून बसल्या आणि त्यांनी च्युइंगगम टाकून दिले.

वर्लिनने टॉवेल काढला. यंत्र त्याच दारावर, त्याच चार भोकांत, त्याच चार बोल्टांनी बसले. पूर्वी ते सहाय्यक साधन होते. आता ते इमारतीचा भाग झाले.

श्री. क्वेसाडा एकवीस फेब्रुवारीला आले. उणे चोवीस अंश होते आणि त्यांच्या पायांत वाळवंटातले बूट होते. त्यांनी घंटीकडे हात नेण्यापूर्वीच दार उघडले.

"या, आत या," आतून आर्लिस म्हणाली. "पायरीवर उभं राहू नका. दार लावायचंय मला."

ते आले. बूट काढा, असे तिने सांगितले, ते त्यांनी काढले. मागे जाऊन बसा, असे तिने सांगितले, तेही त्यांनी ऐकले. वर्लिनने त्यांना कॉफी दिली. मग त्यांनी फलक पाहिला, वेळ पाहिली, दाराची रुंदी मोजली.

"कामाच्या वेळेत इथे कोण असतं?"

"मी."

"रोज?"

"गेल्या एप्रिल-मेचे थोडे दिवस सोडले तर," आर्लिस म्हणाली, "तीन वर्षं हललेच नाही."

श्री. क्वेसाडांनी मान डोलावली. इतके तत्पर कर्मचारी त्यांनी आपल्या कारकिर्दीत पाहिले नव्हते. खुर्चीकडे त्यांची नजर गेली असावी. परंतु कर्मचाऱ्याला काय होते आहे याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता, आणि नसलेला रकाना भरणाऱ्यांपैकी ते नव्हते. निघताना दार पुन्हा आपोआप उघडले. ते उंबऱ्यात थांबले.

"हे दार फार छान आहे," ते म्हणाले. "माझ्या आईला असंच हवंय. सतरा महिने झाले अर्ज करून."

"तिला म्हणावं, दुकान काढ," आर्लिस म्हणाली.

वर्लिन नोंदणीकृत पुरवठादार झाला. अठ्ठावीस फेब्रुवारीला ग्रेटाबाई आल्या. आर्लिसने कळ दाबली, दार उघडले, ती बर्फ झाडलेल्या उतारावरून टपालपेटीपर्यंत जाऊन आली. बाईंनी नोंद केली : "लाभार्थी मान्यताप्राप्त व्यवसायाच्या जागेत वास्तव्यास असून बाहेर पडण्याचा मार्ग कायद्यानुसार आहे." शुश्रूषागृहाची खोली रद्द झाली. टेबल जागच्या जागी राहिले.

पद्धतीचा मान राखावा म्हणून वर्लिनने नोंदणीकृत पुरवठादार या नात्याने आपला पहिला रीतसर अर्ज केला : आर्लिससाठी दार उघडणारे एक यंत्र. तो अकरा दिवसांत फेटाळला गेला. कारण : लाभार्थीच्या निवासस्थानी असे दार आधीपासूनच आहे. हे पत्र चौकटीत घालून दाराशेजारी लावले आहे.

दुकान उत्तम चालले आहे, म्हणजे तेथे काही विकले जात नाही. मंगळवारी लोक कॉफीला येतात, शुक्रवारी आर्लिस दुकान दोन तास बंद ठेवून (हे या वेळी कळवलेले आहे) स्वतः दार उघडून चर्चमध्ये तळलेला मासा खायला जाते. प्रथमच येणारा माणूस दार आपोआप उघडलेले पाहून हसतो, आणि एवढेही कष्ट नकोत का लोकांना, असे काहीतरी म्हणतो. आर्लिस त्याला बसायला सांगते आणि त्याचे नाव मला एका वहीत लिहायला लावते.

वही कशासाठी ते नूतनीकरणाच्या वेळी कळले. "अपेक्षित ग्राहक" हा रकाना पुन्हा आला होता. आर्लिसने लिहायला सांगितले : अकराशे चाळीस. कार्यालयाने फोनवर विचारले की यांत चालत्याफिरत्या लोकांचीही गणती झाली आहे काय.

"झाली आहे," ती म्हणाली. "अजून चालतात ते."

हे उत्तर प्रथमच निःसंशय मानण्यात आले. नोंदणीला सरासरी दहा महिने लागतात आणि गुडघा कळवून बिघडत नाही, हे लक्षात घेता अर्ज आधीच केलेला बरा. वहीत अद्याप पुष्कळ पाने कोरी आहेत. हा मजकूर वाचताना जे मध्येच हसले, त्यांनी आपले नाव सुवाच्य अक्षरांत कळवावे. ज्यांनी कळवले नाही, त्यांचे आर्लिसने मला अंदाजाने लिहून ठेवायला लावले आहे.