सात नंबरचा बिल्ला

विद्यापीठाच्या खाणकाम विभागामागे, टेकडीत खोदलेलं साठ मीटरचं भुयार होतं. ते राहणार की बुजवलं जाणार, हे आज ठरायचं होतं. आत खरे टेकू, खरे रूळ आणि खरा अंधार. खाणीत पाय ठेवण्याआधी मुलांनी इथेच डोकं आपटून घ्यायचं. विभागाच्या मॅडम सकाळपासून देव पाण्यात घालून बसल्या होत्या, कारण तपासणीला आलेल्या साहेबांचं मत आधीच तयार होतं.

"हे सगळं हल्ली पडद्यावर दाखवता येतं, मॅडम. कशाला हा पसारा?"

साहेबांनी आत जाऊन फेरी मारली, नाक मुरडलं आणि बाहेर येऊन फाइल उघडली. तोच फळीवाले मामा ओरडले, "सात नंबर आत आहे!"

भुयाराच्या तोंडाशी पितळी बिल्ल्यांची फळी होती. आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर आल्यावर परत अडकवायचा. सात नंबरचा खिळा रिकामा होता.

"साहेब, सात तुमचाच ना?" मॅडमनी विचारलं.

"मी केव्हाच अडकवला!"

"फळीवर नाही," मामा म्हणाले. "म्हणजे तुम्ही आत आहात."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसताय खरे. पण फळी सांगते, आत." आणि मामांनी भोंगा दाबला.

बचाव प्रयोगशाळेतून चार मुलं मुसंडी मारत आली. पाठीवर प्राणवायूची नळकांडी, तोंडावर मुखवटे, हातात स्ट्रेचर! तीन वर्षं बिचाऱ्यांनी सरावात नुसतं वाळूचं पोतं वाचवलं होतं. आज भोंगा खरा होता. 'कोण अडकलंय' हे विचारायलाही न थांबता ती आत घुसली.

साहेबांना घाम फुटला. पुसायला रुमाल काढला, तर खण्णकन बिल्ला पडला. त्यांनी झटकन त्यावर बूट ठेवला.

"मॅडम," ते कुजबुजले, "हळूच अडकवून टाका ना."

"मामांच्या देखत? आतून येणाऱ्यालाच अडकवता येतो."

"म्हणजे मी आधी आत जायचं?"

"चारच पावलं, साहेब."

मामांची पाठ वळताच साहेब बिल्ला उचलून आत सटकले. पाचव्या पावलाला चार दिवे त्यांच्या तोंडावर पडले.

"सापडले! सापडले!"

"अरे, मी ठणठणीत आहे! चालतोय ना!"

"धक्क्यात असंच वाटतं, सर. आडवे व्हा," पथकाची म्होरकी म्हणाली. ती अंगानं इतकी बारीक, की सगळे तिला काडी म्हणत. पण त्या काडीनं साहेबांना, तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तसं, हनुवटीपर्यंत पट्ट्यांत बांधलं. "झालं हं सर, झालं. आलोच बाहेर."

बाहेर आल्यावर पट्ट्यांतून साहेबांचा डावा हात ओढून मामांनी मुठीतला बिल्ला त्यांच्याच हातानं अडकवून घेतला. "फळी भरली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता सोडा."

"डॉक्टर तपासेपर्यंत नाही. हलू नका, शहाण्यासारखं."

साहेबांनी मान वळवली. चार चेहरे घामानं निथळत होते, आणि आनंदानं नुसते फुटायचे बाकी होते.

"किती वेळ लागला?"

"साडेतीन मिनिटं, सर! पोत्याला पाच लागतात!"

साहेब आभाळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, माझा उजवा हात तेवढा सोडवा. आणि फाइल धरा."

मॅडमनी फाइल त्यांच्या छातीवर धरली. साहेबांनी पडल्या पडल्या शेरा लिहिला: 'भुयार चालू ठेवावे. बचावाची सोय उत्तम. पट्टे किंचित सैल बांधावेत.'