राखेतल्या गावाची घरं कोण फिरवतं?

केनियातल्या किसुमू शहरात डिटेक्टिव्ह बरेच असतील. पण हुशार, धाडसी आणि शिवाय दिसायला बरी अशी एकच आहे, ती म्हणजे मी, आपोंडी. वय वर्षं पंधरा. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धीला शोभेल असा प्राणी मला अजून सापडलेला नाही. शाळेची घंटा चोरीला गेली तेव्हा अकरा जणांवर संशय घेऊन आणि त्यातल्या चौघांना रडवून मी तिसऱ्या दिवशी ती शोधून काढली. घंटा तिच्या खुंटीवरच होती. पण ती तिथेच आहे हे सिद्ध कोणी केलं? मी.

माझी सहायक आविनो. ती शेंगदाणे खाते आणि "हं" म्हणते. प्रतिभावंताच्या जवळ राहून माणूस असाच दबून जातो.

तर प्रकरण असं. कोंडेलेच्या चौकात ओचोलादादाचं गेमचं दुकान आहे. पत्र्याची खोली आणि चार टीव्ही. तीन टीव्हींवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुटबॉल. कोपऱ्यातल्या चौथ्यावर 'राखेनंतर', म्हणजे आमचा खेळ. महायुद्धानं जग बेचिराख झालंय आणि उरलेल्या उजाड मुलखात तुम्ही एकटे. कुठेही जा, काहीही करा, कोणी विचारणार नाही. मी त्यात नव्वद तास घालून एक गाव वसवलं होतं. दाढीवाला नायक, त्यानं वाचवलेली म्हातारी (ती त्याची आई असं मी ठरवून टाकलं), एक कुत्रा, चार गायी आणि पेटीभर बंदुका.

ऑगस्टच्या सुट्टीतल्या एका सोमवारी मी खेळ लावला, तर नायकाची खाट घरात नाही! ती फाटकाजवळच्या एका नव्या झोपडीत. मंगळवारी मोठ्या घराचं तोंड फिरलेलं. बुधवारी गायींचा गोठा गावाच्या मधोमध, बंदुका गायब आणि चारी बाजूंना मका डोलतोय.

मी किंचाळले. ओचोलादादा धावत आला. त्यानं पडदा बघितला आणि हातातला चहाच खाली ठेवला.

"आपोंडे, हा खेळ बिघडलाय. घरं आपोआप फिरतात म्हणजे काय? उद्या माझं मशीनच घेऊन बसेल."

"बिघडलेला नाही!"

"परवा गाय छपरावर उभी होती."

"ती तिथे रमते."

"आणि तो व्यापारी? भिंतीत अर्धा घुसून 'आज हवा बरी आहे' म्हणतो. महिनाभर तेच!"

"तुझ्या दुकानातली गिऱ्हाइकं तरी काय वेगळं बोलतात?"

मागच्या बाकावरून ओबुरा हसला. तो फुटबॉलवाल्या टोळीचा म्होरक्या. "दादा, तो कचरा काढून टाक. नवा फुटबॉल आलाय. मशीनमध्ये जागा कुठाय?"

दादानं डोकं खाजवलं. "शनिवारी दुपारपर्यंत बघतो. हे माणसाचं काम आहे असं दाखवलंस तर खेळ राहील. नाहीतर पुसून टाकणार."

माझे नव्वद तास! पायाखालची जमीन सरकली. पण डिटेक्टिव्हची जमीन सरकली तर तो ती मोजून घेतो. मी वही काढली.

पहिला सिद्धान्त: शत्रूचा सेनापती. "आविनो, बघ. सगळी घरं फाटकाकडे तोंड करून. नायक फाटकाजवळ, म्हणजे पहारा. गायी मध्ये, म्हणजे अन्नसाठा सुरक्षित. हा सैन्यात शिकलेला मेंदू आहे."

"मग बंदुका का काढून टाकल्या?"

"शत्रूला गाफील ठेवायला."

"हं."

दुसरा सिद्धान्त: खेळाचीच खोड. हा मला आवडत नव्हता, पण मी निःपक्षपाती आहे. खेळात खोडी आहेत हे कबूल. नायक चाळीस पातेली घेऊन डोंगर चढतो आणि एक्केचाळिसावं उचललं की म्हाताऱ्यासारखा पाय ओढतो. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मध्ये काही म्हणजे काही नाही. मी एकदा तेवढ्यात गृहपाठ संपवला होता. पण गंजलेल्या एका बसमध्ये मला कोण्या पोरीची वही सापडली होती. 'आई येईपर्यंत इथेच बसणार आहे,' असं तिनं लिहिलं होतं. मला कोणी तिकडे पाठवलं नव्हतं. माझी मीच वाट चुकले म्हणून ती मला भेटली. असा खेळ पुसायचा?

"खोड असती," आविनो शेंगदाणा सोलत म्हणाली, "तर आपण बघत असताना घरं फिरली असती. रात्रभर मशीन बंद असतं."

हे माझ्या जिभेवरच होतं. मी तिला बोलू दिलं इतकंच.

म्हणजे गुन्हेगार माणूस! गुरुवारी दुकान बंद होताना मी चौथ्या टीव्हीच्या कंट्रोलरवर उगालीचं, म्हणजे मक्याचं, पांढरं पीठ भुरभुरवलं. ठसे मिळणार होते. शुक्रवारी सकाळी पोचलो तर कंट्रोलर लख्ख! पिठाचा कणही नाही. आणि गावात धान्याचं एक कोठार उभं राहिलेलं.

"आविनो, आपली गाठ सराईताशी आहे. त्यानं पुरावा पुसलाय."

"फरशीपण झाडलीये."

"बघ ना! किती सराईत!"

"टीव्हीवरची धूळसुद्धा..."

"आता मला घाबरवू नकोस."

दुकान रोज सकाळी ओचोलादादाच्या आई उघडतात, झाडून काढतात आणि नऊ वाजता दादा येईपर्यंत बसून राहतात. त्यांना मी साक्षीदार म्हणून विचारलंही. "काकू, सकाळी कोणी संशयित येतो का?"

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "सकाळी मी एकटीच असते. शांत वाटतं."

मी वहीत लिहिलं: 'साक्षीदाराला काहीच माहीत नाही.'

शनिवार. दुपारचे बारा. फुटबॉलवाले आठ जण बाकावर. ओचोलादादाचा अंगठा त्या शेवटच्या बटणावर. पडद्यावर गाव आणि त्यावर प्रश्न: 'कायमचं पुसायचं?' मी खुर्चीवर चढले.

"सभ्य स्त्रीपुरुषहो! गुन्हेगार याच खोलीत आहे. ओबुरा, ऊठ!"

"मी काय केलं?"

"तुला नवा फुटबॉल हवा होता. म्हणून तू..."

"अगं, मला तो खेळ सुरूसुद्धा करता येत नाही! एकदा प्रयत्न केला तर अर्धा तास नायकाच्या नाकाचा आकारच ठरवत बसलो."

हे खरं होतं. ते नाक मी पाहिलं होतं. मी झटक्यात वळले. "मला हेच वदवून घ्यायचं होतं. खरा गुन्हेगार ओचोलादादा! खेळ बिघडलाय असं दाखवायला तूच घरं फिरवलीस!"

"मी?" दादाचा आवाज चिरकला.

तेव्हा आविनोनं हात झटकले, ती उठली आणि पडद्याजवळ गेली. "ही डाला आहे."

"काय?"

"आपल्या गावाकडची वस्ती. हे फाटक. समोर आईचं घर, दार फाटकाकडे. मध्ये गुरं. आणि फाटकाजवळ मोठ्या मुलाची सिंबा, त्याची स्वतःची झोपडी, कारण दाढी आलेला मुलगा आईच्या घरात झोपत नाही. दर डिसेंबरला गावी जाऊन आपण दुसरं काय बघतो, आपोंडी?" मग ती शांतपणे म्हणाली, "आणि ओचोलादादाला हे सगळं येत असतं, तर त्याची स्वतःची सिंबा गावी नसती का?"

बाकावर हशा फुटला. दादा स्वतःच्या चपला बघू लागला. मीही बघितल्या. त्या फार रोचक नव्हत्या.

दारातून आवाज आला. "मग कोणीतरी नीट करायला नको?"

काकू. हातात केरसुणी.

"तुम्ही?" मी खुर्चीवरून पडले. उतरणारच होते म्हणा.

"एवढा थोराड मुलगा आईच्या उशाशी घोरत पडलेला! सकाळी मशीन लावून झाडायला घेतलं की मला रोज दिसायचं. तीन दिवस गप्प बसले. मग म्हटलं, बाई, शेजारी काय म्हणतील?"

"काकू, तिथे शेजारी नाहीत! जग संपलंय!"

"जग संपलं म्हणून वाटेल तसं राहायचं?" त्या आत आल्या आणि मुलाच्या हातातला कंट्रोलर त्यांनी काढून घेतला. "आणि तू काय पुसतोयस? बत्तीस वर्षांचा झालास, गावी एक खांब रोवला नाहीस. यानं रोवलाय, तर यालाच पुसायला निघालास?"

"आई, मशीनमध्ये जागा..."

"जागा तर गावीपण आहे. तुझ्या वाट्याची. रिकामी."

दादा बसला. काकू त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी 'नाही' दाबून गाव पुन्हा चालू केलं. तेवढ्यात पडद्यावर भोंगा वाजला. क्षितिजावर सहा माणसं. साखळ्या, कुऱ्हाडी, तोंडाला फडकी.

"लुटारू!" मी ओरडले. "काकू, बंदूक!"

"विकल्या. बियाणं घेतलं."

"मग फाटक लावा!"

"पाहुणे आले आणि फाटक लावू?" नायक रिकाम्या हातानं, मक्यातून वाट काढत, थेट त्यांच्याकडे निघाला. फुटबॉलवाले बाक सोडून उठले. "काकू, मागे! डावीकडे, काकू, पळा!" ओबुरा खुर्चीवर चढला. "अहो त्याच्या हातात कुऱ्हाड आहे!"

"लाकडं फोडायला आणली असेल."

नायक फाटकात पोचला, थांबला, आणि सहाही जण त्याच्यावर तुटून पडले. पडदा काळा.

बाजूच्या टीव्हीवर कोणीतरी गोल मारला. कोणी बघितलासुद्धा नाही.

"दादा, परत लाव!" ओबुरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सोडायचं नाही त्यांना. ए, सरका, मला दिसू दे!"

"आणि नवा फुटबॉल?" ओचोलादादानं विचारलं.

"येईल तो पुढच्या महिन्यात! तू लाव आधी!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हा पुन्हा उठतो ना गं?"

"उठतो, काकू. फाटकापाशीच उठतो."

"मग उठव," काकू कमरेच्या फडक्यानं कंट्रोलर पुसत म्हणाल्या. "चहा विचारायचाच राहिला."