वानखडे साहेबांची वरची वाट

वानखडे साहेब चालत असले की त्यांच्याशी बोलायचं नसतं. ते मोजत असतात. घरापासून डेअरी, डेअरीपासून मारुती, मारुतीपासून बसस्टँड, प्रत्येक पाऊल मनातल्या मनात मोजलं जातं. मध्येच कोणी "नमस्कार साहेब" म्हणालं की आकडा चुकतो. साहेब रागावत नाहीत. वळतात, जिथून निघाले होते तिथं परत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात.

एकदा घरचा गॅस संपला म्हणून सुशीलावहिनींनी त्यांना भर बाजारात हाक मारली. साहेबांनी हात वर करून बायकोला चार बोटं दाखवली आणि तसेच पुढे गेले. "मले वाटलं चार मिनिटांत येते हा माणूस," वहिनी मला सांगत होत्या. "चारशे पावलं झाले होते म्हणे! मी तिथं दीड तास उभी."

मी घाटंजीला बदलून आले, शाळेत भूगोल शिकवायला, आणि साहेबांच्या शेजारच्या घरात राहू लागले. सामानाचा टेम्पो अजून रिकामा व्हायचा होता. पांढरा फुलशर्ट घातलेले, छत्री काखेत मारलेले एक गृहस्थ माझ्या फाटकाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या फाटकापासून माह्या फाटकापर्यंत एकेचाळीस पावलं. तुमचे अठ्ठेचाळीस होतीन." मला वाटलं माझ्या उंचीवर बोलले. आठवडाभर मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग एक दिवस कोणी बघत नाही असं पाहून मोजली. अठ्ठेचाळीस.

साहेब सरकारी मोजणीदार होते. उभी हयात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. निवृत्त झाले, पण हातातली मोजणीची साखळी काही सुटली नाही. लग्नाला गेले की पंगतीच्या पत्रावळी एका रेषेत आहेत का ते बघायचे, नसल्या तर वाढप्यांना थांबवायचे. एका नवरदेवाला त्यांनी बोहल्यावर सांगितलं होतं, "तुमचा मांडव ईशान्येकडे सरकला हाय." गल्लीत कोणाचंही भांडण पेटलं की साहेब गॅलरीतून ओरडणार, "आधी नकाशा, मंग भांडण!" भांडण सासू-सुनेचं असलं तरी हेच.

गावाबाहेर पाटबंधाऱ्याचा एक तलाव आहे. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आणि मी त्या तलावाकाठी जाऊ लागले. तिथं गुरांची पायवाट होती. ती मध्येच रायमुनियाच्या काटेरी झुडपांत शिरायची आणि परत बाहेरच यायची नाही. मेडिकल दुकानवाला गजानन ठाकरेही तिथं यायचा. त्याच्या डोक्यात आलं की तलावाभोवती पूर्ण फेरी मारता येईल अशी चांगली वाट करावी. "माह्याकडून शुगरच्या गोळ्या नेणारे सारे इथं चालले पाह्यजे," तो म्हणायचा. स्वतःच्या धंद्याच्या मुळावर उठलेला असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

परवानगीचे कागद झाले. दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमू लागलो. तलावाला लागूनच तांडा आहे. तिथल्या सुमनबाई राठोड स्वतःची कुदळ घेऊन आल्या. शेतकरी बाई. दिवसभराचं काम आम्हा चौघांइतकं करणार आणि तोंड त्याहून जास्त चालवणार. आणि तिसऱ्या रविवारी छत्री, टेप, सुतळी आणि खुंट्यांची पिशवी घेऊन वानखडे साहेब आले. कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही केलेलं काम त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" आम्ही हौसेनं सांगितलं. "हे पहिल्या पावसात वाहून जाईन," साहेब म्हणाले.

गेलंच. पावसाचं पाणी वाटेवरूनच वाहिलं आणि आमचा सगळा मुरूम तलावात घेऊन गेलं. त्या दिवसापासून साहेब आमचे मुकादम झाले. पाणी कुठून येतं ते त्यांनी पावसात उभं राहून बघायला लावलं, तिथं तिथं आडव्या दगडी नाल्या काढायला शिकवलं. चढावर दगडाच्या पायऱ्या बसवल्या. बसायला एक लांबट दगड ठेवला, तर त्यावर लेव्हल पाहायची काचेची नळी ठेवून साहेब अर्धा तास खालची माती उकरत राहिले. आम्ही घामाघूम उभे. शेवटी सुमनबाई सरळ जाऊन बसल्या. "साहेब, बसणाऱ्याचं बूड कुठी लेव्हलमधी राह्यते?" साहेबांनी त्यांना उठवलं. दगड अजून बोटभर कलता होता.

दोन वर्षांत वाट झाली. सकाळी माणसं दिसू लागली, बायका तर जास्तच. गजाननच्या गोळ्यांचा खप कमी झाला का ते त्यानं सांगितलं नाही.

पण त्या वाटेत एक गोष्ट कोणालाच पटत नव्हती. तलावाच्या पलीकडच्या अंगाला वाट पाण्याकाठानं सरळ जायला हवी होती. तिथं साहेबांनी ती एकदम टेकडीवर चढवली होती. उभा चढ, निसरडा मुरूम, मग तसाच उतार. ज्या माणसाला दगडाचा बोटभर कल चालत नव्हता, त्यानं काढलेली ही वाट! कोणी विचारलं की साहेब म्हणायचे, "नकाशात तसंच हाय." मी भूगोलाची शिक्षिका. नकाशा मी पाहिला होता. नकाशात तसं काही नव्हतं.

शेवटी सुमनबाईंनी सांगितलं. "कायचा नकाशा घेऊन बसल्या, मॅडम? खालती त्याच्या भावाचं वावर हाय."

धाकटा भाऊ, नामदेव. वडील गेल्यावर शेताच्या दोन वाटण्या करायच्या होत्या. नामदेवच म्हणाला, बाहेरचा माणूस कायले, दादाच मोजेल. दादानं मोजलं. विहीर दादाच्या बाजूला आली. नामदेव म्हणाला, "तुह्यी साखळी, तुह्यीच विहीर." साहेबांनी तीन वेळा पुन्हा मोजलं. तिन्ही वेळा विहीर तिथंच. खोटं मोजून विहीर भावाला देता आली असती, पण ते या माणसाच्या हातून होणारं नव्हतं. आणि बरोबर मोजलेली विहीर वापरणंही झालं नाही. आपला हिस्सा त्यांनी बटाईनं दिला आणि गावात राहायला आले. अकरा वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

भाद्रपदातला एक शनिवार. चार दिवस पावसाची झड लागून उघडली होती. दुपारी तीनला सुशीलावहिनी एकेचाळीस पावलं जवळजवळ धावत आल्या. "सकाळी नाली साफ कराले जातो म्हणून गेले, जेवाले नाही आले. फोन वाजते, उचलत नाहीत."

मी गजाननला घेतलं, त्याच्या स्कूटरवर तलाव गाठला. तांड्यावरून सुमनबाई आमच्या सोबत निघाल्या. खालच्या सगळ्या नाल्या साफ होत्या, म्हणजे साहेब पुढे गेले होते. आम्ही टेकडी चढलो. वर वाटेची कड हातभर तुटून खाली गेली होती. तिथं एका पळसाच्या बुडाशी साहेबांची छत्री उलटी पडली होती. पलीकडे नुसता उतार आणि खाली पाणी.

"साहेब!" गजानन ओरडला. ओ नाही. मोजत असतील म्हणून बोलत नसतील, असं क्षणभर माझ्या मनात आलं. इतकं वेडं काहीतरी मनात आलं, आणि मी त्या विचाराला धरून बसले.

सुमनबाई कडेला पालथ्या पडून खाली बघत होत्या. मग त्या उठल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "चला. हाय बापा, जित्ता हाय. नामदेवच्या कोठ्यापुढं बाजीवर बसला हाय."

आम्ही तो उतार कसा उतरलो ते मला आठवत नाही. गुरांच्या कोठ्यासमोर बाज टाकली होती. तिच्यावर साहेब, शर्टाला चिखल, कपाळाला खरचटलेलं. उजव्या पायाला दोन बांबूच्या पट्ट्या लावून वरून डोक्याला बांधायचा एक मळका दुपट्टा घट्ट गुंडाळला होता. शेजारी बोडक्या डोक्यानं एक उंच माणूस चूल पेटवत उकिडवा बसला होता. दगड घसरल्याचा आवाज ऐकून तो धावला होता आणि भावाला पाठीवर घालून त्यानं इथवर आणलं होतं; साहेबांचा फोन घसरताना झुडपात कुठं पडला ते कळलं नव्हतं. मी आधी वहिनींना फोन लावला. मग मी तिथंच जमिनीवर बसले.

नामदेवनं मला चहा दिला आणि म्हणाला, "मॅडम, साहेबाले सांगा, पाय हालवू नका म्हणा."

साहेब माझ्यापासून हातभर. नामदेव हातभर.

"साहेब, पाय हलवू नका," मी म्हणाले.

"त्याले सांगा, मी हालवला नाही."

"साहेबाले विचारा, अशा झडीमंधी एकटं वरतं काहून जा लागते?"

"त्याले सांगा, नाली तुंबली होती."

"अहो, एकमेकांनाच सांगा ना!" गजानन म्हणाला. दोघांनी त्याच्याकडे एकदमच असं पाहिलं की तो गोठ्यातल्या बैलाजवळ जाऊन उभा राहिला.

"अन् हे बी विचारा," नामदेव म्हणाला, "वाट खालून काहून नाही नेली?"

"दुसऱ्याच्या वावरातून विचारल्याबिगर वाट नेता येत नाही," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "नियम हाय."

"मंग विचाराचं ना, दादा!"

हे नामदेव थेट बोलला. बोलून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं असावं. तो उठला. "मॅडम, तुमी या इकडे," म्हणाला आणि मला शेताच्या धुऱ्यापलीकडे, बांध ओलांडून, पाण्याकाठी घेऊन गेला.

तिथं वाट होती, टेकडीवरून झाडीआड न दिसणारी. बेशरमाची झाडं मुळासकट उपटलेली, बोरी-बाभळी छाटलेल्या, ओहळावर एक सपाट दगड टाकलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आमची वाट जिथं टेकडीवर चढायची तिथून जिथं उतरायची तिथवर.

"दिवाळीपासून करून राह्यलो," नामदेव म्हणाला. "दर रविवारी वाटे, आज येतीन विचाराले. तुमी सारे वरून जा."

मी परत येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी पाण्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "रुंदी किती ठेवली?"

"दोन माणसं जोडीनं चालतीन येवढी," मागून नामदेव म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगते. घोट्याचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. तेवढ्या वेळात आम्ही वाट खालून नेली. साहेब खुर्चीत बसून खुंट्या बदलायला लावत होते आणि नामदेव त्यांचं अजिबात ऐकत नव्हता. दोघं बोलतात आता. बोलतात म्हणजे भांडतात, पण थेट. टेकडीवरच्या वाटेवर गवत आलं आहे आणि माझे गुडघे सुखात आहेत.

मला मात्र त्या संध्याकाळचा दवाखान्यातला बाक आठवतो. नामदेव दवाखान्याच्या गाडीत आमच्याबरोबरच आला होता, कोणी या म्हटलं नसताना. केसपेपरच्या खिडकीशी तो उभा होता. आतून बाईंनी विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" त्यानं मागं वळून बाकाकडे पाहिलं. "लहान भाऊ," म्हणाला.

साहेब त्याच्या पाठीकडे बघत होते. डोळे भरले होते. मला वाटलं पाय ठणकत असेल. गोळी मागू का, म्हणून विचारलं.

"केस पार पिकले हो त्याचे, मॅडम," साहेब म्हणाले. "वरच्या वाटेवरून निस्ता दुपट्टा दिसे."