न बुडणारी पाणबुडी

पाणबुडी काही केल्या बुडेना. तळ्याकाठी शूटिंगची सगळी मंडळी टाकीवाल्यांकडे बघत होती आणि टाकीवाले आभाळाकडे.

तीस वर्षं पाण्याच्या टाक्या बनवणारा हा माणूस. युद्धपटासाठी दोन माणसांची चिमुकली पाणबुडी हवी म्हटल्यावर त्यांनी तीही टाकीसारखीच ठणठणीत बनवली. शत्रूची युद्धनौका मात्र मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाने केली होती, प्लायवुडची. रंग असा झकास की बायको सकाळपासून भावाचंच कौतुक करत होती. पाणबुडीने गुपचूप युद्धनौकेखाली शिरून सुरुंग लावायचा, तर ही बया बुचासारखी तरंगत होती.

दिग्दर्शकाने आत वाळूची पोती भरायला लावली. पाणबुडी वीतभर खाली गेली आणि हटून बसली. वर चार धिप्पाड लाइटवाले उभे करून पाहिले, तेही कोरडेच परतले. शेवटी दिग्दर्शकाने हात जोडले. "काका, एक छोटंसं भोक पाडा. पाणी शिरू दे आत."

टाकीवाल्यांचा चेहरा उतरला. "साहेब, आजवर माझी एक टाकी गळली नाही. आता चारचौघांत माझ्याच हाताने भोक पाडू?"

"अहो, पाडा ना," बायको म्हणाली. "दादाची बोट केव्हाची खोळंबलीय."

हे मात्र वर्मी लागलं. टाकीवाल्यांनी ड्रिल उचललं आणि तणतणत पाणबुडीवर उडी घेतली. त्या हिसक्याने दोर सुटला. पाणबुडी टाकीवाल्यांना घेऊन निघाली ती थेट युद्धनौकेवर आदळली. सकाळपासून पाण्यात भिजून फुगलेलं प्लायवुड टराटरा फाटलं. शत्रूचा सेनापती आणि त्याचे वीस सैनिक गळाभर पाण्यात उतरले, आणि जीव मुठीत धरून पाणबुडीवरच चढले. पाणबुडी हललीसुद्धा नाही. कॅमेरा चालूच होता.

चित्रपट लागला तेव्हा पडद्यावर चष्मा लावलेला एक कप्तान, हातात कसलंसं भयंकर हत्यार परजत, एकटा युद्धनौकेवर चालून गेला. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. बायकोचा ऊर भरून आला. पदराने डोळे टिपत तिने शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "आमचे हे. पाणबुडीही ह्यांनीच बनवलीय. थेंबभर गळत नाही."

"अगंबाई! आणि ती बुडालेली बोट कोणी बनवली?"

पलीकडच्या खुर्चीत भाऊ सावरून बसला.

"कुणास ठाऊक," बायको म्हणाली.