खालल्या आळीने गोठ्यावाचून बेथलेहेम वसविले त्याची हकीकत

बेथलेहेमीचा तारा प्रसन्न. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, म्हणजे इंग्रजी डिसेंबरात, नाताळापूर्वीचा चार आठवड्यांचा आगमनकाळ चालता असता आमचे धर्मग्रामी जे थोर कर्म घडले, त्याची हकीकत ऐसी. ही लिहावी म्हणोन कोणी राजाने आज्ञा केली नाही, कोणी सरदाराने मागितली नाही, आमचे कुटुंबाने तर लिहू नका म्हणोन स्वच्छ सांगितले. तथापि आम्ही खालल्या आळीचे लोक. गप्प बसणे हा आमचे आळीचा रिवाज नव्हे, सबब लिहिणे प्राप्त जाहले.

राज्याची मांडणी ऐसी की, मध्यभागी चर्च, चर्चच्या वरल्या अंगास वरली आळी आणि खालल्या अंगास आमची. दोन्ही आळ्यांस केळी, भाजी आणि मानपान बहुत पिकतो. नाताळास चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा उभारावयाचा, तो एक साल वरल्या आळीने आणि एक साल खालल्या आळीने, ऐसा वडिलार्जित करार. वरल्या आळीचे सरदार बस्त्यावराव तुस्कानो, खालल्या आळीचे इनासराव रुमाव. उभयतां व्याही. बस्त्यावरावांची एकुलती लेक इजाबेलबाई इनासरावांचे पुत्र दुमिंगास दिली आणि सोयरीक ऐसी जमली की दोघे व्याही एके बाकावर बसोन एके पुस्तकातून गात असत, आणि दोघांचाही सूर चुकत असे तो एकाच ठिकाणी. मग मागील सालचा नाताळ आला. बस्त्यावरावांनी देखावा उभारिला, आणि त्यांत मातीचे गाढव ऐसे थोरले आणविले की त्याचे निम्मे अंग गोठ्यात आणि निम्मे बाहेर. मिस्सेची उपासना आटोपून लोक बाहेर पडतात तो आमचे इनासराव दारातच मोठ्याने बोलते जाहले, "काय व्याही, गोठा बांधलात का गाढवाला टोपी शिवलीत?" लोक हसले. आम्ही सर्वांत अधिक हसलो, कारण आमचा सरदार बोलिला होता. बस्त्यावराव हसले नाहीत. तांबडे होऊन म्हणाले, "यापुढं तुझा उंबरा मला नाही, आणि माझा तुला नाही." आणि निघोन गेले. त्या दिवसापासोन व्याह्यांचे बोलणे, चालणे, एके बाकावर बसणे, सर्व बंद. बस्त्यावरावांची बायको निवर्तून चार पावसाळे लोटले होते. घरी ते एकटे. लेक भाजी द्यावयाचे निमित्ताने जाऊन येई, परंतु सणाचे जेवण बापलेकीने एकत्र जेवावे, ते राहिले.

यंदा देखाव्याची पाळी आमची. आगमनकाळाचे पहिले रविवारी इनासरावांचे ओटीवर मसलत बसली. वडीलधारे, तरणे, ज्यांस काही कळते ते आणि ज्यांस काही कळत नाही ते, सर्व जमले. दुसऱ्या पथकात आम्ही. इतक्यात इजाबेलबाई चहा घेऊन बाहेर आल्या, कप ठेविले आणि सर्वांसमक्ष सासऱ्यास म्हणाल्या, "मामा, देखावा तुम्ही कसाही करा. पण यंदा नाताळला माझा बा एकटा जेवायचा नाही. मला दुसरं काही नको. तुम्ही जाऊन बोलवा त्याला."  इनासरावांनी कप उचलिला, खाली ठेविला आणि म्हणाले, "बोलवायचं कशाला? असा देखावा करतो की बघून तो आपणहून येईल, माझा हात धरेल." इजाबेलबाई म्हणाल्या, "देखावा बघून कोण जेवायला येतं, मामा?" तेव्हां आम्ही सर्वांनी मिळोन चहाची तारीफ केली.

मग मोहीम सुरू जाहली. घराघरांस कामे वाटोन दिली, जैशी जहागीर देतात तैशी. कोणास डोंगर, कोणास नदी, कोणास पूल, कोणास बाजारपेठ. पूर्वी डोंगर केला की वर मेंढरू ठेवीत आणि खाली आरसा ठेवून तळे म्हणत. परंतु तेवढ्याने वरली आळी दिपेल ऐसे कोणास वाटेना. म्हणोन भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचिले, वर चिखलात बुडविलेले गोणपाट पांघरिले, आणि डोंगर ऐसा जाहला की संत अंतोनींची मूर्ती त्यामागे दिसेनाशी जाहली. डोंगरावरोन मोटार लावून धबधबा सोडिला. नदीस पूल, पुलावर दिवे. किल्ला थर्माकोलाचा, बुरुजांसह, वर निशाण आणि दारावर पाटी, "हेरोद राजाचा किल्ला," म्हणजे बाळाचे जिवावर उठलेला राजा तो हाच, यात पाहणारास चूक नको. बाजारात मासळीवाली, हलवाई आणि खाटीक. खाटकाची सुरी वरखाली होत असे, ती पाहावयास सांजेस पोरेबाळे लोटत. बखरकाराकडे, म्हणजे आम्हांकडे, रान होते. नाचणी पेरून रोपे आणावयाची, तेवढेच. आम्ही उत्साहाचे भरी पेरिली दाट आणि पाणी घातले सढळ; मग ती नाचणी ऐसी माजली की देखाव्याचा ऐन मधला भाग झाकोन गेला. लोक म्हणाले, रान झकास. आम्हीही आपणच आपली पाठ थोपटिली.

आता वाचणारास शंका येईल की या सर्वांत गोठा कोणाकडे होता. तर गोठा कोणाकडेच नव्हता. मसलतीत तो विषय निघाला तेव्हां तमाम मंडळी म्हणाली, गोठ्याला काय लागतं, चार काटक्या, तो उद्या होईल. पुढे डोंगरवाल्यास वाटले गोठा पूलवाल्याकडे, पूलवाल्यास वाटले किल्लेवाल्याकडे, आणि जो कोणी समोर येऊन पाही त्यास वाटे की गोठा आहे, नाचणीचे मागे आहे. मरियामाता व संत योसेफ यांच्या मूर्ती आल्या, त्या तूर्त पुलावर उभ्या केल्या. फादरांनी विचारिले तेव्हां इनासराव म्हणाले, "प्रवासात आहेत." फादरांस ती कल्पना आवडली. बाळाची मूर्ती रिवाजाप्रमाणे फादरांचे कपाटात, कारण बाळ येणार मिस्सेस, तोवर गव्हाण रिकामीच असावयाची. सबब रिकामी जागा दिसत नाही याचे कोणास काही वाटले नाही. इकडे घरोघर मैद्याचे गोड फुगे तळिले, करंज्यांसारख्या नेवऱ्या भरिल्या, गायनमंडळाने तालमी करून करून शेजारपाजाऱ्यांचा अंत पाहिला. बस्त्यावराव मात्र देखाव्याकडे फिरकले नाहीत. चर्चमध्ये येत, उजवीकडे न पाहता प्रार्थना करीत आणि जात. आमचे हेर सांगत आले, "बघत नाही. जळतोय." आम्ही बहुत खूश.

मग तो दिवस उगवला. पूर्वी मिस्सा मध्यरात्री होत असे; हल्ली भोंग्याचे सरकारी हुकुमामुळे सांजेसच होते, म्हणोन दिवस मावळता तमाम आलम चर्चमध्ये दाखल. नवे कपडे, नवी पादत्राणे, अत्तराचा घमघमाट. इनासराव सुटात, पहिल्या बाकावर. बस्त्यावराव चार बाके मागे, पलीकडचे अंगास. मधे इजाबेलबाई, एकदा पुढे पाहत आणि एकदा मागे पाहत. गायनमंडळाने सूर धरिला, दिवे लागले, धबधबा सुटला, खाटकाची सुरी चालो लागली, आणि फादर बाळ हाती घेऊन, मागे धुपाटणे, सावकाश चालत देखाव्यापाशी आले. आणि थांबले. डावीकडे पाहिले. उजवीकडे पाहिले. नाचणी हाताने बाजूस सारिली. मागे भिंत होती.

फादर हळूच बोलिले, परंतु ध्वनिक्षेपकाचा लहान तुकडा त्यांचे गळ्यास लाविला होता, त्यामुळे तमाम चर्चने ऐकिले. "इनास, बाळाला ठेवू कुठं?"

इनासराव उठले. तोंडचे पाणी पळाले तरी अंगात सरदारकी होती. म्हणाले, "किल्ल्यात ठेवा, फादर. जागा प्रशस्त आहे."

फादर म्हणाले, "हेरोदाच्या?"

"मग बाजारात?"

"तिथं कोंबड्या कापतायत, इनास."

गायनमंडळ तेच कडवे पुनःपुन्हा गाऊ लागले. खालल्या आळीचे आम्ही वीर, कोणी छताकडे पाहतो, कोणी चपलेकडे. लहान मुले विचारीत होती, आई, बाळाला घर नाही का? आणि आया त्यांस चिमटे काढीत होत्या. तेव्हां मागील बाकावरोन बस्त्यावराव उठले. सर्वांस कळले की आता पुरते एक वर्षाचे उसने फिटणार. एकच वाक्य बोलावयाचा अवकाश, आणि खालल्या आळीस नातवंडांपर्यंत मान वर करिता आली नसती. बस्त्यावराव चालत पुढे आले, इनासरावांस म्हणाले, "सरक," आणि बाह्या सारून डोंगरात हात घातला.

खालचा एक क्रेट हिसडा देऊन ओढिला. वरला डोंगर खचला, धबधबा उलटला आणि सगळे पाणी बस्त्यावरावांचे नव्या विजारीवर. इनासराव ओरडले, "माझा डोंगर!" बस्त्यावराव म्हणाले, "डोंगर गेला खड्ड्यात. फादरांचे हात अवघडलेत, दिसत नाही?" क्रेट आडवा ठेविला, तोंड पुढे. मग नाचणीचे रान दोन्ही हातांनी उपटू लागले, आणि बखरकाराने डोळे मिटिले. इनासरावही सुटाचा कोट फेकून गुडघ्यांवर आले, आणि एक वर्ष न बोललेले दोन व्याही भर मिस्सेत, वेदीसमोर, भांडो लागले.

"तोंड इकडं कर."

"इकडं पंखा आहे. गवत उडेल."

"आधी छप्पर घाल."

"घालतोय की. हात आवर तुझा."

"मरियामातेला इकडं दे. हळू. आणि गाढव?" बस्त्यावरावांनी विचारिले.

गाढव हा शब्द उच्चारताच गायनमंडळाचे कडवे मधेच तुटले. गाढव बस्त्यावरावांचे हाती होते, तेच मागील सालचे थोरले, कारण चर्चपाशी दुसरे नव्हते. इनासरावांनी गाढवाकडे पाहिले, क्रेटाकडे पाहिले. गाढव कोणत्याही हिशेबाने मावणारे नव्हते. मग खाली मान घालून म्हणाले, "आतच ठेव. बाहेर राहिलं तर राहू दे थोडं." आणि फादरांनी बाळ ठेविले. घंटा वाजल्या. आम्ही रडलो, हे लपवीत नाही; नाचणीकरिता रडलो ऐसे कुटुंबास सांगितले.

मिस्सा संपली तेव्हां सर्वांस वाटले की झाले, व्याही आता गळ्यात गळा घालून निघणार. परंतु मान म्हणोन वस्तू आमचे राज्यात सहजी मरत नाही. उभयतां फाटकापाशी आले आणि उभे राहिले. इनासराव वाट पाहत की बस्त्यावाने म्हणावे, येतो. बस्त्यावराव वाट पाहत की इनासाने म्हणावे, ये. कोणी म्हणेना. मधे लोक येऊन, नाताळाच्या शुभेच्छा देऊन जात, उभयतां त्यांशी हात मिळवीत आणि एकमेकांशी नाही. आम्ही मुत्सद्दी मंडळी बाजूस उभे राहोन, प्रथम कोणी बोलावे याचा पूर्वीचा काही दाखला आहे काय, ऐशी चर्चा करीत होतो.

इजाबेलबाईंनी दोघांकडे एकदा पाहिले आणि नवऱ्यास खूण करून खालल्या आळीकडे गेल्या. वाटले, रागावोन गेल्या. थोड्या वेळाने पाहतो तो नवराबायको परत येत आहेत, मधे कोंबडीचे थोरले पातेले, एक कान दुमिंगाचे हाती आणि एक बाईंचे, आणि बाईंचे दुसऱ्या हाती फुग्यांची टोपली. घामाने चेहरा भिजलेला. फाटकातून सरळ वरल्या आळीची वाट धरिली.

इनासराव म्हणाले, "अगं, कुठं चाललीस? जेवण कुठं नेतेस?"

"बाच्या घरी," बाई न थांबता म्हणाल्या. "चूल विझवली, घराला कुलूप लावलं. ज्याला भूक असेल त्यानं मागून यावं. तुमचं दोघांचं उरकेपर्यंत मी म्हातारी होईन."

बस्त्यावराव लेकीमागे धावले, पातेल्याचा कान जावयाचे हातून घेतला. मग इनासराव. मग इनासरावांचे कुटुंब आणि धाकटी मुले. मग आम्ही, कारण हकीकत लिहिणारास प्रसंगी हजर असणे भाग. ऐशा रीतीने खालल्या आळीची फौज वरल्या आळीत शिरली. प्रतिकार कोणी केला नाही. फाटकापाशी उभी होती ती कुत्रीही पातेल्यामागे चालो लागली.

बस्त्यावरावांनी दार उघडिले आणि दिवा लाविला. मधे टेबल होते, त्यावर धुतलेली चादर, आणि चादरीवर ताटे मांडिलेली. एका माणसाचे घर. परंतु ताट इनासरावांचे, ताट विहीणबाईंचे, इजाबेलचे, दुमिंगाचे, मुलांचे, सर्वांची. वर माशी बसू नये म्हणोन वर्तमानपत्र पसरिले होते. मिस्सेस निघण्यापूर्वी मांडून गेले होते, गोठ्याचा तमाशा होण्यापूर्वी. इजाबेलबाईंनी पातेले खाली ठेविले. म्हणाल्या, "बा, हे कोणासाठी?"

बस्त्यावराव वर्तमानपत्राची घडी घालीत राहिले. "गेल्या वर्षीही मांडली होती," म्हणाले. "दारात ते बोलणं झालं, मग कोण येणार? रात्री उचलून ठेवली."

बाई तोंडास पदर लावून रडो लागल्या.  इनासराव पुढे जाऊन खुर्ची ओढोन बसले. ताट पुढे ओढोन म्हणाले, "मला कोंबडीचा पाय वाढ, इजाबेल. आणि व्याह्यांना आधी."

येणेप्रमाणे मोहीम समाप्त. डोंगर एक खचला, रान मुळासकट गेले, किल्ला मात्र शाबूत राहिला. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. गोठा बांधावयास विसरलो म्हणोन वरली आळी आम्हांस आजही हसते, आणि आम्हीही त्यांसवे हसतो. परंतु ती ताटे एक वर्ष त्या घरी वाट पाहत होती आणि आम्हां दोन्ही आळ्यांचे शहाण्यांस ते ठाऊक नव्हते, याला मात्र कोणी हसत नाही.