बाबलभाऊ आणि अंगणातली अंगठी

बाबल परब पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले ते मेटल डिटेक्टर घेऊन. चपला दारात काढल्या, मशीन मात्र आत आणलं. "बसा" म्हणायच्या आत त्यांनी ते आमच्या सोफ्यावरून फिरवलं, हात वर केला आणि म्हणाले, "गप रवा, बोलताहा!"

आम्ही गप्प राहिलो. सोफ्याच्या फटीतून एक नेलकटर, दोन सेफ्टी पिना आणि माझ्या बायकोचं, सुनीताचं, वर्षभरापूर्वी हरवलेलं कानातलं निघालं. या कानातल्यावरून आमचं चार दिवस बोलणं बंद होतं. सुनीताने त्या दिवशी चहाबरोबर शंकरपाळे काढले आणि बाबलभाऊ आमच्या घरचे झाले.

बहारीनमधल्या गुदैबियात, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या एका खोलीत ते राहतात. मूळचे मालवणजवळचे. बहारीनला आले तेव्हा डोक्यावर केस होते, असं ते पुरावा म्हणून फोटो दाखवून सांगतात. लग्न करायचं राहून गेलं. एका मेंटेनन्स कंपनीत प्लंबर. फरशीखालचे पाइप शोधता शोधता जमिनीखाली काय काय असतं याचा त्यांना नाद लागला आणि जुन्या बाजारातून त्यांनी हे मशीन आणलं. तुटलं होतं, स्वतः दुरुस्त केलं.

त्यांचा नियम कडक. समुद्रकिनारा नाही, सरकारी जागा नाही, आणि प्राचीन थडग्यांचं टेकाड दिसलं की हा माणूस रस्ताच बदलतो. "ता सगळा मफी! मालकान बोलयल्यान तरच." मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. मालकाकडून अरबीत लिहून घेतलेली परवानगी प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवायची आणि मगच मशीन सुरू. पडायला आलेली जुनी घरं, त्यांची अंगणं, ही त्यांची आवडती जागा. सापडलेली प्रत्येक वस्तू मालकाची. मालक "ठेव तुलाच" म्हणाला, तर ती बिस्किटांच्या डब्यात जाते, कागदाच्या चिठ्ठीसकट: कुणाचं घर, कुठली जागा, कुठला वार. त्यांच्याकडे असे अकरा डबे आहेत. एकातही बिस्कीट नाही.

एकदा एका पडक्या घराच्या उंबऱ्याखाली त्यांना जुना भारतीय आणा सापडला. पूर्वी इथे आपलंच चलन चालायचं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. बाबलभाऊंना ते मातीतून कळलं. नाणं तळहातावर घेऊन ते लहान मुलासारखे नाचले. "आपल्या आधी आपलो आणो हंय इलेलो, पाटलानू! तेका व्हिसा कोणी दिल्यान?"

अमवाजवरच्या एका बाईंनी बागेत चेन हरवली म्हणून बोलावलं, तेव्हा मात्र ते तोंड वाकडं करून गेले. अमवाज म्हणजे समुद्रात भर घालून केलेली बेटं. "ह्या बेटाक वयच नाय. काल टाकलेली माती ती. हंय काय गावतला? टरकवाल्याचो पानो?" बाईंची चेन पुढे बाथरूममध्ये सापडली. बागेत खरोखर पाना सापडला.

माणसंही ते आवाजावरून ओळखतात. आमचा वॉचमन त्यांच्या मते तांबं. त्यांचा सुपरवायझर "बरो माणूस, पण पत्रो". सुनीता चांदी. मी कोण, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमका अजून खणूक व्हया."

सोन्याबद्दल त्यांची एक कायमची तक्रार आहे. सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी मशीनला जवळजवळ सारखीच ऐकू येते. दोन्हींसाठी तेवढंच वाकायचं, तेवढंच खणायचं. "देवान मस्करी केल्यान," ते म्हणतात आणि कमरेवर हात ठेवून उठतात.

गेल्या हिवाळ्यात ते हमद टाउनमध्ये एका घरी गळणारा पाइप शोधायला गेले. घर सालेह नावाच्या बहारीनी गृहस्थाचं. त्याची आई, उम्म सालेह, खुर्चीत बसून सगळं बघत होती. जुन्या पिढीतल्या पुष्कळ बहारीनी लोकांसारखं तिला तोडकंमोडकं हिंदी येतं. पाइप सापडल्यावर तिने विचारलं, "ये मशीन सोना भी देखता?"

गोष्ट अशी होती. मुहर्रकच्या एका गल्लीत तिचं सासरचं घर होतं, आता रिकामं. तिथे लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा जेवताना म्हणाला, "माझी आई मासे यापेक्षा चांगले करते." हिने बोटातली अंगठी काढून खिडकीतून अंगणात भिरकावली. नवऱ्याने तीन दिवस पीठ चाळायच्या चाळणीने अंगणातली माती चाळली. अंगठी काही मिळाली नाही. त्याने दुसरी आणली, ती हिने कधी घातली नाही. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. घर पाडायचं ठरलं होतं. पाच शुक्रवार उरले होते.

बाबलभाऊंना गाडी चालवता येत नाही, म्हणून सारथी मी. सालेह आईला अंगणात सोडायचा आणि नमाजाला जायचा. बोरीच्या झाडाखाली तिची खुर्ची, शेजारी चहाचा थर्मास, उकडलेल्या चण्यांचा डबा. बाबलभाऊ मशीन फिरवायचे आणि ती बोलत राहायची. इथे सालेहचा पाळणा होता, इथे तो पडला आणि दात तुटला, इथे बसून त्याचा बाप रेडिओ ऐकायचा. दर अर्ध्या तासाने ती विचारायची, "मिला?" आणि बाबलभाऊ म्हणायचे, "मफी, अम्मा. इंशाल्ला."

कुलूप मिळालं, शिवणयंत्राची बॉबिन मिळाली, डब्यांच्या कड्या तर पसाभर. अंगठी नाही.

चौथ्या शुक्रवारी त्यांच्या खोलीतून निघताना बाबलभाऊ मला म्हणाले, "वरच्या फळीवरच्या डब्यात बॅटरी हा, तेवढी घेवा." मी चुकून शेजारचा डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेली, स्वच्छ धुतलेली सोन्याची अंगठी. चिठ्ठीवर त्यांचं गोल गोल अक्षर: 'उम्म सालेह. बोरीच्या मुळाकडे. पयलो शुक्रवार.'

मी डबा बंद केला. बॅटरी दिली. अंगणात पोचल्यावर म्हातारीने विचारलं, "मिला?" आणि हा माणूस तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मफी, अम्मा." दुसऱ्याचं पंचवीस फिल्सचं नाणंही परत करणारा माणूस. सोनं बघून फिरला की काय?

परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेतली. "बाबलभाऊ, अंगठी तुमच्या डब्यात आहे. मी पाहिली."

ते दचकले नाहीत. मांडीवरच्या मशीनची वायर बोटाला गुंडाळत, सोडवत राहिले.

"गावली म्हणान सांगलंय, तर म्हातारी परत त्या अंगणात येतली कित्याक?" ते म्हणाले. "सालेह चांगलो झील, पण कामाशिवाय तो तिका थंय हाडूचो नाय. आणि घर तर जातलाच. तेवडे पाच शुक्रवार तरी बसांदे तिका."

"म्हणजे तिच्यासाठी?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटा कशाक बोलू? माझी आवस जावन सात वर्सां झाली. त्याच्यानंतर 'जेवलंस रे?' म्हणान माका कोणी इचारूक नाय. ही इल्याबरोबर इचारता."

मी गाडी सुरू केली. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटच्या शुक्रवारी बाबलभाऊंनी शर्टाच्या खिशातून कापसाची पुडी काढली आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवली. तिने कापूस उलगडला. अंगठी उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली. ओठ हलले, नवऱ्याचं नाव असावं. मग तिने मान वर केली.

"कब मिला?"

"आज, अम्मा," बाबलभाऊ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"झूठ!" म्हातारी हसली. "पहला जुमा. मैं देखा. तुम नीचे बैठा, इधर देखा, उधर देखा, जेब में डाला. मेरा आँख का ऑपरेशन हुआ है, बाबल. सब साफ दिखता."

बाबलभाऊंनी आधी मशीन बंद केलं, मग पुन्हा चालू केलं, मग खाली ठेवलं. "तो... बोला क्यों नहीं, अम्मा?"

"मैं बोलता तो खलास," ती म्हणाली. "फिर सालेह मेरे को इधर किस काम से लाता? और तुम किस काम से आता?"

अंगठी सुजलेल्या बोटात काही जाईना. तिने ती करंगळीत सरकवली आणि थर्मासचं झाकण उघडून तिघांसाठी चहा ओतला. सालेह आला तेव्हा त्याने अंगठी पाहून बाबलभाऊंना मिठी मारली, चार वेळा शुक्रान म्हणाला. त्याला पुढचं मागचं काही माहीत नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही.

सोमवारी घर पडलं. त्या आठवड्यात बाबलभाऊ सुट्टीच्या दिवशी काय करणार, याची सुनीताला काळजी होती. मलाही.

गुरुवारी संध्याकाळी ते वर आले. फोन हातात, चेहऱ्यावर मोठा पेच पडल्याचा आव, पण मिशीखालचं हसू लपत नव्हतं. "पाटलानू, उद्या गाडी व्हयी. सालेहचो फोन इल्लो. म्हणता, हमद टाउनच्या घराच्या बागेत आवशीचा कायतरी हरवलाहा."

"काय हरवलंय?"

"ता ती सांगना नाय," बाबलभाऊ म्हणाले. "म्हणता, पाच-सा वर्सां तरी सोदूक लागतला."